प्रीससाहेबांच्या गावी यासीनभाई

यासीनभाई मुकादमांना 'अंदाजे' हा शब्द चालत नसे. कतारमधल्या दुखानच्या तेलकंपनीच्या गोदामात येऊन कुणी विचारलं, "दोन इंची व्हॉल्व अंदाजे वीसेक असतील ना?" की ते हातातली पेन्सिल खाली ठेवत आणि म्हणत, "अंदाजे काय? तुला किती होवेत ता सांग. किती हायत ता मी सांगतो." मग उठून कपाटांच्या रांगेत जात आणि एकेका व्हॉल्वला बोट लावून मोजत. नुसत्या नजरेनं मोजलेलं ते मोजलेलं धरत नसत.

मी त्याच कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होतो. मोठ्या नकाशांवर पातळ कापड पसरून त्यांच्या नकला काढायच्या, हे माझं काम. पंचावन्न साली मुंबईहून बोटीनं कतारला गेलो तेव्हा यासीनभाईंना तिथे पाच वर्षं झाली होती. मी चिपळूणचा, ते दाभोळच्या खाडीकाठचे. त्यांचे वडील बोटीवर सारंग, म्हणजे खलाशांचे म्होरके, होते. यासीनभाई मॅट्रिक झाले आणि त्यांनी बोटीवर जायला नकार दिला, कारण त्यांना बोट लागायची. सारंगाच्या मुलाला बोट लागते हे ते स्वतःच सांगत, आणि सांगताना हसत नसत.

उंच, खांद्यात किंचित वाकलेले, वयानं माझ्याहून दहाबारा वर्षांनी मोठे. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात एक निळी आणि एक तांबडी पेन्सिल. आमच्या खोल्या एकाच बराकीत शेजारीशेजारी होत्या. संध्याकाळी ते दारापुढे खाट टाकून बसत आणि बिनदुधाचा चहा पीत. बोलणं कमी. पण एकदा बोललेलं चुकीचं निघालं तर त्यांना चैन पडत नसे.

एकदा ऑगस्टमधली गोष्ट. हवा इतकी दमट की कागदावर हात टेकवला तर नकाशा चिकटून वर यायचा. दुपारी दोनच्या उन्हात यासीनभाई गोदामापासून आमच्या ऑफिसपर्यंत मैलभर चालत आले. शर्ट पाठीला चिकटलेला. मला वाटलं, घरून तार आली असावी. ते म्हणाले, "शिर्के, काल तुला मी सांगितलं टपालाची बोट मंगळवारी येते. मंगळवारी नाय. बुधवारी."

मी म्हटलं, "यासीनभाई, संध्याकाळी सांगितलं असतंत तरी चाललं असतं."

"तोवर तू आणखी कोणाला मंगळवार सांगितला असतास."

पाणी प्याले आणि परत गेले. अशा माणसानं दीड वर्ष एक खोटं सांभाळलं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

गोदामाचे मुख्य होते प्रीससाहेब. अंगानं भरलेले, उन्हानं कायमचे तांबडे झालेले, पन्नाशी ओलांडलेले ब्रह्मचारी. इंग्लंडात वेल्सच्या हद्दीजवळ लडलो नावाचं बाजाराचं गाव आहे, तिथले. गावी त्यांची धाकटी बहीण एडिथ एकटी राहायची. साहेबांच्या बोलण्यात लडलो सतत यायचं. पाइपांची चळत उंच झाली की ती लडलोच्या चर्चच्या मनोऱ्याएवढी व्हायची, आणि वाळूच्या वादळानंतर हवा निवळली की आज लडलोहून क्लीचा डोंगर दिसला असता असं ते म्हणायचे. गोदामातल्या बलुची हमालांनासुद्धा लडलो हे नाव पाठ होतं.

यासीनभाईंना त्यांनीच वर आणलं होतं. यासीनभाई आले तेव्हा धक्क्यावर पेट्या मोजणारे कारकून होते. त्यांनी भरलेला तक्ता साहेबांच्या हाती पडला, ते अक्षर पाहून साहेबांनी विचारलं हे कुणाचं, आणि दुसऱ्या दिवसापासून यासीनभाई गोदामाच्या ऑफिसात. यासीनभाई हे उपकार म्हणून सांगत नसत. "तेंनी अक्षर बघितलं, माणूस नाय. म्हणून मला ते आवडले," असं म्हणत.

छप्पन्नच्या उन्हाळ्यापासून साहेब त्यांच्याकडून कागद वाचून घेऊ लागले. चष्मा बंगल्यावर राहिला, अक्षर फार बारीक आहे, कार्बनची प्रत पुसट आली आहे, अशा सबबी. आठवडाभरात यासीनभाईंच्या लक्षात आलं की साहेबांना अक्षर दिसतच नाही. त्यांच्या डोळ्यांमागची नस सुकत चालली होती. महिन्याभरानं साहेबांनीच सांगून टाकलं. "मुकादम, माझी दोन वर्षं राहिली आहेत. तेवढी निभली तर पूर्ण पेन्शन घेऊन घरी जाईन. आत्ता कळलं तर अर्ध्यावर पाठवतील."

यासीनभाई "बरं" म्हणाले.

तेव्हापासून सकाळी साहेबांच्या आधी येऊन ते सगळे कागद वाचून ठेवत. साहेब आले की दार लावून तोंडी सांगत. सही कुठे करायची तिथे नखानं खूण करत. आणि दर गुरुवारी संध्याकाळी साहेबांच्या बंगल्यावर जाऊन बहिणीला पाठवायचं पत्र लिहून घेत, तिचं आलेलं वाचून दाखवत. साहेब लोकांच्या वस्तीत आम्ही मंडळी कामाशिवाय जात नसू. क्लब वेगळा, जेवणघर वेगळं. यासीनभाई बंगल्याच्या मागच्या, स्वयंपाकघराच्या दारानं आत जात. तसा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण सगळे पाळत. तिथल्या टेबलाशी बसून त्यांना लडलो कळलं. कुठली गल्ली नदीकडे उतरते, कुठलं लाकडी घर रस्त्यावर झुकलं आहे, कुठल्या वारी गुरांचा बाजार.

आम्हांला एवढंच दिसे की मुकादम साहेबांची सावली झाले आहेत. काहींना ती लाचारी वाटे. मलाही थोडी वाटली होती, हे कबूल केलं पाहिजे.

सत्तावन्नच्या अखेरीला एक दिवस यासीनभाई जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी कंपनीचे डॉक्टर वेब यांनी प्रीससाहेबांना वार्षिक तपासणीला बोलावलं, आणि पंधरा दिवसांत साहेबांची रवानगी झाली. डोळे गेले म्हणून घरी पाठवलं, असं सगळीकडे झालं. डॉक्टर वेब हे साहेबांचे पत्त्यांतले जोडीदार, दहा वर्षांचे दोस्त. जाताना साहेब त्यांच्याशी बोललेही नाहीत, याची चर्चा मात्र बरेच दिवस चालली.

पुढे लडलोहून यासीनभाईंच्या नावानं पत्रं येऊ लागली. मजकूर साहेबांचा, अक्षर बहिणीचं. दर पत्राच्या शेवटी एक ओळ असे, कधी इकडे आलास तर ये.

तसं कुणी लिहितं, आणि तसं कुणी जात नाही. पण बासष्टच्या मे महिन्यात कंपनीनं आम्हा दोघांना आठ आठवड्यांसाठी लंडनला पाठवलं. त्यांना गोदामाच्या नव्या पद्धती शिकायच्या होत्या, मला नकाशांचं नवं यंत्र. तिसऱ्याच दिवशी यासीनभाईंनी लडलोला पत्र टाकलं. उत्तर आलं, शनिवारी या, दोघंही या, सोमवारपर्यंत राहा.

पॅडिंग्टनहून निघालो, हेरफर्डला गाडी बदलायची होती. यासीनभाईंनी नवा करडा कोट घेतला होता आणि तो घडी मोडेल म्हणून ते टेकून बसत नव्हते. बाहेर सफरचंदांच्या बागा फुलल्या होत्या. कुंपणं पांढऱ्या फुलांनी भरलेली, आणि दर शेतात मेंढ्या. मी खिडकीला नाक लावून बसलो होतो. यासीनभाई म्हणाले, "शिर्के, वेबसाहेबाला मी सांगितलं होतं."

मला संदर्भ लागला नाही. मग त्यांनी सगळं सांगितलं. वाचून दाखवलेले कागद, नखाच्या खुणा, गुरुवारची पत्रं. आणि तो दिवस.

पाइप उतरवायला क्रेन लावली होती. क्रेनवाल्याला हातानं खुणा करायचं काम साहेब नेहमी स्वतः करत, त्या दिवशीही करत होते. हवेत पाइपांची मोळी. खाली सालेम नावाचा तिथलाच एक मजूर दोर सोडवत वाकलेला. साहेबांनी 'सोड' म्हणून हात खाली केला. यासीनभाई "यल्ला, सालेम, यल्ला!" असे अरबीत ओरडले, चल, पळ म्हणून. सालेमनं मागे उडी मारली. पाइप पडले. कुणाला खरचटलंही नाही. ओरडण्याचं कारण साहेबांना कळलं नाही, ते म्हणाले, "मुकादम, हल्ली तू फार घाबरतोस."

"दोन दिवस मी इचार केला," यासीनभाई म्हणाले. "सालेमला तीन पोरं. मग डॉक्टरकडे गेलो. सांगितलं, माझं नाव घेऊ नका. तेंनी नाय घेतलं. साहेबांना वाटलं दोस्तानं घात केला."

"मग आता काय?"

"आता सांगायचं."

मी त्यांना समजावलं. पाच वर्षं झाली. माणूस म्हातारा, आंधळा. त्याच्या घरी पाहुणे म्हणून जायचं आणि हे सांगायचं? कशासाठी?

यासीनभाई खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पाच वर्षं तेंची पत्रं वाचतोय. दर पत्रात वेबसाहेबाच्या नावानं एक तरी कडू ओळ असते. ती ओळ माझ्या नावाची हाय."

लडलोच्या स्टेशनवर मिस प्रीस उभ्या होत्या. साठीच्या, काटकुळ्या, जाड लोकरीचा कोट घातलेल्या. आमच्याकडे बघून त्यांना ओळख पटवायची गरज नव्हती, त्या गाडीतून उतरलेले हिंदुस्थानी आम्हीच दोघं. चालत घरी निघालो. गाव टेकाडावर, मधोमध चर्चचा मनोरा. तिथून एक रुंद रस्ता सरळ खाली उतरत जातो, दोन्ही अंगांना जुनी घरं, काही विटांची, काही काळ्या लाकडी चौकटींत पांढरा गिलावा भरलेली. रस्त्याच्या तळाशी जुन्या तटाचा दरवाजा, त्याच्यावरच कुणीतरी घर बांधून राहिलेलं. प्रीस भावंडं त्या दरवाजाच्या बाहेर, नदीकडच्या एका अरुंद घरात राहत होती. यासीनभाई वाटेत दर वळणावर, कुणी सांगायच्या आधीच, वळत होते. मिस प्रीसना त्याचं नवल वाटलं.

घराच्या पायरीशी मात्र ते थांबले आणि बाजूला काही शोधू लागले. मिस प्रीस म्हणाल्या, "दार हे एकच आहे, मिस्टर मुकादम."

आत साहेब उभे होते. खूप वाळले होते. त्यांनी हात पुढे केला तो आमच्या डावीकडे, भिंतीच्या दिशेनं. यासीनभाई दोन पावलं सरकले आणि तो हात जिथे होता तिथे जाऊन त्यांनी तो धरला.

"मुकादम?"

"येस सर."

"अक्षर अजून तसंच आहे का?"

"थोडं वाकडं झालंय, सर."

जेवणाला मिस प्रीसनी मोठ्या हौसेनं डुकराच्या मांसाच्या चकत्या केल्या होत्या. यासीनभाईंनी हलक्या आवाजात सांगितलं की हे मला चालत नाही. मिस प्रीसच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. साहेब खुर्चीतून म्हणाले, "एडिथ, दहा वर्षं आखातात काढली मी आणि तुला हे सांगायचं विसरलो. गाढव मी आहे." त्यानंतर तीन दिवस यासीनभाईंनी उकडलेली अंडी, पाव आणि आलुबुखाराचा मुरांबा खाल्ला. दर वेळी तितक्याच मनापासून आभार मानले.

रविवारी सकाळी चर्चच्या घंटा एक धून वाजवू लागल्या. साहेब म्हणाले, दर वाराची धून वेगळी आहे, त्यामुळे मला कॅलेंडर लागत नाही. मग ते यासीनभाईंच्या दंडाला धरून आम्हांला गाव दाखवायला निघाले. वाट त्यांना पाठ होती. कुठे पायरी, कुठे उतार, हे तेच आम्हांला सांगत. पण दर पन्नास पावलांवर थांबून विचारत, "इथे काय दिसतं?"

"डावीकडे दुकान, सर. हिरवा रंग. दोन ठिकाणी पोपडे आलेत. वरच्या खिडकीत मांजर."

साहेब खूश. "एडिथला विचारलं तर सगळं सुंदरच असतं. हिरवा रंग सुंदर, मांजर सुंदर. पोपडे कधी सांगत नाही."

बाजारचौकात लाल विटांचा एक बोजड मंडईवाडा होता. यासीनभाईंनी त्याचं मनोरे-कमानींसकट रीतसर वर्णन सुरू केलं तेव्हा साहेबांनी त्यांना थांबवलं. "तो राहू दे. डोळे गेल्याचा एकच फायदा झाला, ही इमारत दिसत नाही." पलीकडे किल्ल्याचे भग्न तट. त्याला वळसा घालून आम्ही नदीवर उतरलो. जुना दगडी पूल, खाली बांधावरून पडणारं पाणी. पलीकडच्या झाडीतून वाट चढते ती एका उघड्या टेकडीवर. तिथे बाकावर बसलो. समोर नदीच्या पलीकडे सगळं गाव, किल्ला, मनोरा, आणि गावामागे लांबवर डोंगर.

"क्ली दिसतो का?"

"दिसतो, सर. माथ्याचा एक कोपरा तोडल्यासारखा हाय. तेच्यावर ढगाची सावली हाय, ती आता उजवीकडे सरकते."

साहेब बराच वेळ त्या दिशेला तोंड करून बसले होते. मला वाटलं यासीनभाई आज काही बोलणार नाहीत, इतका तो माणूस सुखात दिसत होता. तेवढ्यात यासीनभाई बाकावरून उठून साहेबांच्या समोर उभे राहिले. साहेबांना ते दिसत नव्हतं, पण आवाज समोरून आला तशी त्यांनी मान वर केली. यासीनभाईंनी इंग्रजीत, एखादा तक्ता वाचावा तसं सगळं सांगितलं. क्रेन, सालेम, दोन दिवस, डॉक्टर. शेवटी म्हणाले, "डॉक्टर वेबनी शब्द पाळला. माझं नाव घेतलं नाही."

साहेबांनी विचारलं, "तो माणूस पाइपांपासून किती लांब होता?"

"एक हात."

"नक्की?"

"मी नंतर जाऊन मोजलं, सर. पायांचे ठसे होते."

खाली गावात घंटा वाजली. साहेब म्हणाले, "वेबला सांगितलंस. मला का नाही सांगितलंस?"

यासीनभाई म्हणाले, "तुमच्या तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही."

"दीड वर्ष रोज माझ्या तोंडावर सगळं वाचत होतास, मुकादम."

साहेब उठले, हात बाजूला केला. यासीनभाईंनी दंड पुढे केला तर ते म्हणाले, "नको. शिर्के, तू ये." उतरताना माझ्या दंडावर त्यांची पकड घट्ट होती आणि पाऊल चुकत होतं, कारण मला वाट सांगता येत नव्हती. यासीनभाई मागून चालत होते. एका ठिकाणी मूळ वर आलं होतं. मला दिसलं नाही, साहेब अडखळले. मागून आवाज आला, "उजवीकडे, सर." साहेबांनी पाऊल उजवीकडे टाकलं, पण थांबले नाहीत.

संध्याकाळचा चहा झाला. साहेब लवकर वर गेले. मिस प्रीसनी विचारलं, काय झालं? यासीनभाईंनी त्यांनाही सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या, मग म्हणाल्या, "नाताळाला डॉक्टर वेबचं कार्ड येतं. दर वर्षी. भाऊ मला ते शेकोटीत टाकायला लावतो." कप गोळा करत म्हणाल्या, "मी टाकत नाही." आणि उठून भांडी विसळायला गेल्या.

खोलीत आल्यावर यासीनभाईंनी सामान भरलं. सकाळच्या पहिल्या गाडीनं जाऊ, म्हणाले. मी विचारलं, सांगून बरं वाटलं का?

"नाय," ते म्हणाले. "बरं वाटायला नव्हतं सांगितलं."

सोमवारी सकाळी आम्ही बॅगा घेऊन खाली आलो तेव्हा साहेब कोट-टाय करून टेबलाशी बसले होते. पुढ्यात कागद, दौत आणि पेन मांडून ठेवलेलं. म्हणाले, "मुकादम, बॅग ठेव. वेबला लिहायचं आहे. एडिथच्या अक्षरात नको, तुझ्या अक्षरात हवं."

यासीनभाई बसले. साहेब सांगत गेले. त्यातलं मला जे आठवतं ते असं. प्रिय वेब, पाच वर्षं मी तुला ज्या गोष्टीचा दोष दिला ती तू केली नव्हतीस. ज्यानं केली त्यानं बरोबर केलं. तो माझ्यासमोर बसून हे लिहितो आहे. त्याच्या जागी मी असतो तर मला एवढं धैर्य झालं नसतं. आणि तुझ्या जागी असतो तर मी तोंड उघडलं असतं.

यासीनभाईंचं पेन थांबलं. "सर, 'बरोबर केलं' हे वाक्य लिहू?"

"मी सांगितलं ना?"

"आणि माझं नाव?"

"लिही. स्पेलिंग नीट लिही, वेब नेहमी चुकतो."

सही करायची जागा यासीनभाईंनी नखानं दाबून दाखवली. साहेबांनी अंगठा फिरवून ती खूण शोधली आणि सही केली. मिस प्रीसनी पाठीमागच्या कपाटाच्या खणातून कार्डांचा गठ्ठा काढला आणि सगळ्यांत वरच्या पाकिटावरचा पत्ता वाचून दाखवला. साहेबांनी विचारलं, "हे कुठून आलं?" त्या म्हणाल्या, "खणातून."

मग साहेब उठले. "बाजार भरला असेल," म्हणाले, आणि हात बाजूला धरून थांबले. यासीनभाईंनी दंड पुढे केला.

स्टेशनजवळच्या आवारात मेंढ्यांचा लिलाव चालू होता. लोखंडी कप्प्यांतून मेंढ्या दाटलेल्या, ओल्या लोकरीचा आणि लेंड्यांचा वास, कठड्याला टेकलेले चपट्या टोप्यांचे शेतकरी. लिलाववाला एका दमात जे म्हणत होता त्यातला एक शब्दही आम्हांला कळेना. यासीनभाईंनी कान देऊन ऐकलं आणि म्हणाले, "सर, हा आकडे बोलतो एवढंच नक्की." साहेब मोठ्यानं हसले. त्या तीन दिवसांतलं ते पहिलं मोकळं हसू.

एका शेतकऱ्यानं यासीनभाईंना विचारलं, तुम्ही हॉस्पिटलातले नवे डॉक्टर का? त्यानं पूर्वी एकच हिंदुस्थानी पाहिला होता, आणि तो डॉक्टर होता. यासीनभाई म्हणाले, नाही, मी गोदामाचा कारकून. मग कप्प्यात वाकून एका मेंढीच्या मागच्या पायाला बोट लावून म्हणाले, "हिचा खूर आतून कुजलाय." शेतकऱ्यानं खूर उचलून पाहिला आणि टोपीला हात लावला. खाडीकाठी यासीनभाईंच्या घरी शेरडं होती, हे मला त्या दिवशी कळलं.

गाडी दुपारची होती. फलाटावर साहेबांनी त्यांचा हात हातात घेतला. "मुकादम, मी अजून रागावलेलाच आहे."

"येस सर."

"पुढच्या वर्षी ये. तोवर जाईल."

पुढच्या वर्षी जाणं झालं नाही. कंपनी माणसांना दर वर्षी लंडनला पाठवत नाही. डॉक्टर वेब तोवर निवृत्त होऊन स्कॉटलंडला राहत होते, ते मात्र त्याच शरदात लडलोला गेले. मिस प्रीसनी कळवलं की दोघं दोन दिवस पत्ते खेळले. साहेबांची पानं डॉक्टर त्यांच्या कानात सांगायचे आणि तरी साहेबच जिंकायचे. पत्रं येत राहिली, त्यांतली कडू ओळ गेली. पासष्टच्या हिवाळ्यात साहेब गेल्याचं मिस प्रीसचं चार ओळींचं पत्र आलं. यासीनभाईंनी ते वाचलं, माझ्याकडे दिलं, आणि वाचून झाल्यावर परत घेऊन खिशात ठेवलं. त्या दिवशी ते कामावर गेले. संध्याकाळी खाटेवर बसले तेव्हा चहा निवेपर्यंत तसाच राहिला.

सहासष्ट साली मला मुंबईत नोकरी लागली आणि मी कतार सोडलं. दोहाच्या विमानतळावर पोचवायला यासीनभाई आले होते. तोवर ते दुखान सोडून दोहात आले होते, अल नस्र नावाच्या वस्तीजवळ खोली घेऊन राहत होते. आम्ही बाहेर उभे राहिलो. बोलायचं सगळं आदल्या दिवशी झालं होतं. चिपळूणला गेलास की दाभोळला आमच्या घरी जाऊन ये, एवढं त्यांनी पुन्हा सांगितलं, आणि घरच्यांसाठी दिलेलं गाठोडं माझ्या हातात नीट बसलं आहे ना ते पाहिलं.

तेवढ्यात मुंबईहून आलेल्या विमानातली माणसं बाहेर पडू लागली. चारपाच जण आमच्यापासून थोड्या अंतरावर गोंधळून थांबले. पत्र्याच्या ट्रंका, डोक्यावर टोप्या, एकाच्या हातात पत्ता लिहिलेली चिठ्ठी. बोलण्यावरून रत्नागिरीकडचे. न्यायला येणारा आला नव्हता. ते इकडून तिकडे बघत होते आणि ऊन चढत होतं.

यासीनभाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "जा तुम्ही."

"पोचलास की लिही," ते म्हणाले आणि तिकडे गेले. त्यांनी चिठ्ठी घेतली, वाचली, काही विचारलं. एकाची ट्रंक उचलायला हात घातला, त्यानं नको नको म्हटलं तरी सोडली नाही. मी विमानाच्या शिडीवर चढून मागे पाहिलं तेव्हा ते कुंपणाच्या पलीकडे टॅक्सीच्या रांगेकडे चालले होते, पांढरा शर्ट, खांद्यात वाकलेले, आणि ती माणसं त्यांच्या मागून. त्यांनी वळून पाहिलं नाही. मागच्या माणसाला रस्ता ओलांडताना थांबवायला त्यांनी हात आडवा धरला होता.